कोझुमेलची बोट आणि मालवणची वीस मिनिटं

ह्यूस्टनला राहणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. डिसेंबरअखेर ती आणि तिचे मिस्टर पाच दिवसांसाठी मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटावर जाणार आहेत. निघायला अजून आठ आठवडे आहेत. तिचं वय ४४. तिने २०१७ साली अंदमानात हॅवलॉकला स्कूबाचा ओपन वॉटर हा सुरुवातीचा कोर्स केला, एकूण आठ डाइव्ह झाल्या आणि त्यानंतर ती पाण्याखाली गेलेली नाही. मिस्टर ४९ वर्षांचे, पोहता बऱ्यापैकी येतं, मालवणला किल्ल्याजवळ एकदा वीस मिनिटं स्कूबा केलेलं आहे आणि गेली तीन वर्षं रोज बीपीची गोळी सुरू आहे. त्यांनी शेवटच्या दिवशी दुपारची दोन टँकची बोट, म्हणजे एका फेरीत दोन डाइव्ह, जवळजवळ ठरवली आहे. परतीचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठचं. "अर्धा दिवस तर आहे, गाइड सोबत असतो, तब्येतीच्या फॉर्मवर सगळीकडे 'नाही' लिहायचं आणि कोर्स केल्याचं कार्ड घरी राहिलं म्हणून सांगायचं," असं त्यांचं म्हणणं. ती विचारते, "मी अडवलं तर मी घाबरट, एकटी गेले तर सुट्टीचा विचका. दोघांनी मिळून जाणं खरंच इतकं चुकीचं आहे का?"

ताई, मिळून जाण्यात चूक काहीच नाही. मला खटकलं ते दुसरंच. तुमच्या पत्रात 'अर्धा दिवस' हे शब्द चार वेळा आले आहेत आणि दर वेळी त्याआधी 'फक्त' आहे. अर्धा दिवस हे घड्याळाचं माप आहे, अवघडपणाचं नव्हे. सकाळची बोट आठ-साडेआठला सुटते, पालांकार रीफपर्यंत (रीफ म्हणजे प्रवाळांची रांग) पाऊण तास, पहिली डाइव्ह सुमारे चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, मग तासभर वर विश्रांती, दुसरी डाइव्ह आणि दीडच्या आत परत. या वेळात अनुभवी माणूस दोन सुंदर डाइव्ह करतो. तेवढ्याच वेळात अननुभवी माणूस पहिल्या दहा मिनिटांत हवा आणि धीर दोन्ही संपवून वर येतो.

शिवाय कोझुमेल हे निवांत पोहायचं पाणी नाही. युकातानच्या किनाऱ्यापासून जेमतेम वीस किलोमीटरवरचं हे बेट आहे आणि मधल्या खाडीतून समुद्राचा प्रवाह बहुतेक वेळा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो. इथल्या डाइव्ह म्हणूनच ड्रिफ्ट असतात. उडी एका जागी मारायची, पाणी नेईल तसं प्रवाळाच्या कडेने वाहत जायचं आणि अर्ध्यापाऊण तासाने कुठेतरी पुढे वर यायचं. बोट नांगर टाकत नाही, बुडबुड्यांचा माग काढत वरून येते. प्रवाहात काहीही न करता तरंगत जाणं हा या जागेचा खरा आनंद आहे. पण 'काहीही न करता' हे ज्याला पाण्यात अधांतरी स्थिर राहता येतं त्यालाच जमतं. बाकीच्यांची पूर्ण डाइव्ह हातपाय मारण्यात जाते.

आता मालवणबद्दल. तिथला अनुभव खोटा नाही आणि त्यात कमीपणाही नाही. पण तिथे काय झालं होतं ते नीट आठवून पाहा. सहा ते आठ मीटर खोली. गाइडचा एक हात सतत मिस्टरांच्या टँकच्या मानेवर. पाण्यात तोल सांभाळणाऱ्या जॅकेटमध्ये हवा भरायची, सोडायची, दिशा ठरवायची, हवा किती उरली ते गेजवर बघायचं, ही सगळी कामं त्याची. मिस्टरांकडे दोनच कामं होती: तोंडाने श्वास घेत राहायचा आणि कान मोकळे करायचे. कोझुमेलच्या बोटीवरचा डाइव्हमास्टर वाट दाखवतो, हात धरत नाही. त्याच्यामागे सहा ते आठ जण असतात आणि प्रत्येकाने स्वतःचा तोल, स्वतःची हवा, स्वतःची खोली आणि स्वतःचा जोडीदार सांभाळायचा असतो. 'गाइड असतो' हे वाक्य दोन्हीकडे खरं आहे, पण दोन गाइडांचं काम एक नाही.

आकड्यांत सांगते, कारण मिस्टरांना बहुधा तेच पटेल. भाड्याने मिळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या टँकमध्ये (त्यात निव्वळ ऑक्सिजन नसतो, साधी दाबलेली हवा असते) सुमारे २,२०० लिटर हवा मावते आणि गेजवर ३,००० पीएसआय (हे दाबाचं माप) दिसतं. पाऊण टँक वापरायचा, उरलेला राखीव. म्हणजे हाताशी सुमारे १,६५० लिटर. घाईने श्वास घेणारा नवखा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २५ लिटर घेतो असं धरू. २० मीटरवर दाब तिप्पट, म्हणून हवाही तिप्पट लागते, ७५ लिटर. हिशेब २२ मिनिटांत संपतो आणि यात वर येण्याचा वेळ धरलेलाच नाही. सान्ता रोसासारख्या जागी प्रवाळाची भिंत खाली कुठवर जाते ते दिसतही नाही. पायाखाली तळ नसतो आणि जरा दुर्लक्ष झालं की पाच मीटर खाली गेल्याचं कळतसुद्धा नाही. घाबरून श्वास रोखून वर सुटणं हा त्याहून मोठा धोका. १० मीटरवर छातीत भरून घेतलेली हवा पृष्ठभागाशी येताना दुप्पट जागा मागते आणि ती जागा फुप्फुसात नसते. कोर्समध्ये 'श्वास कधीही रोखायचा नाही' हा पहिला नियम असतो तो यामुळे.

राहिलं कार्ड. ते घरी राहिलं ही सबब आता चालत नाही, कारण डाइव्हला नेणारा दुकानदार नाव आणि जन्मतारीख घालून मिनिटभरात पडताळून पाहतो. जो दुकानदार पडताळणी न करताच नेईल, त्याच्या बोटीवर तुम्ही दोघांनीही जाऊ नये असं माझं मत आहे. तिथे बाकी काय काय तपासलं जात नसेल, कोणी सांगावं?

फॉर्मवर मात्र जरा जास्त बोलायला हवं, कारण तुमचा सगळ्यात अवघड प्रश्न तोच आहे. पत्रात तुम्ही त्याला 'फॉर्मॅलिटी' म्हटलं आहे. या फॉर्मच्या पहिल्या पानावर दहा प्रश्न असतात. तुमचे मिस्टर त्यात दोन ठिकाणी अडकतात. एक, वय ४५च्या वर. तिथे 'हो' म्हटलं की पुढच्या चौकटीत धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि घरातला हृदयविकार विचारतात. दोन, डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध सुरू आहे का. यांतल्या 'हो'चा अर्थ 'तुम्हाला नेणार नाही' असा नाही. अर्थ इतकाच, की डॉक्टरांची सही आणा. बीपीची गोळी घेणारे कितीतरी जण व्यवस्थित डाइव्ह करतात. रक्तदाब आटोक्यात असेल आणि जिना चढताना धाप लागत नसेल, तर सही मिळण्याची शक्यता चांगली आहे. म्हणजे जे खरं बोलून बहुधा मिळेल, त्यासाठी खोटं लिहायचं चाललं आहे.

हा प्रश्न विचारतात त्याला कारणही आहे. गळ्यापर्यंत पाण्यात शिरलं की पायांतलं रक्त छातीकडे सरकतं, हृदयावर आणि फुप्फुसांवर ताण येतो. त्यात जुना रक्तदाब, थंड पाणी आणि प्रवाहाविरुद्ध मारलेले पाय यांची भर पडली, तर काही जणांच्या फुप्फुसांत पाणी झिरपतं. पाण्याखाली अचानक धाप, खोकला, फेसाळ थुंकी ही त्याची लक्षणं. असं काही वाटलं तर शांतपणे डाइव्ह थांबवायची, वर यायचं, बोटीवर ऑक्सिजन घ्यायचा आणि त्या दिवशी पुन्हा उतरायचं नाही.

डॉक्टरांकडे जाताना गोळीची पट्टी सोबत न्या. नाव 'ओलॉल'ने संपत असेल (मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल), तर आवर्जून विचारा, कारण ही औषधं हृदयाचा वेग चढू देत नाहीत आणि प्रवाहात जोर लावायची वेळ आली तर माणूस लवकर दमतो. 'प्रिल'ने संपणाऱ्या गोळ्यांनी (लिसिनोप्रिल, रॅमिप्रिल) काहींना कोरडा खोकला होतो, तो रेग्युलेटर (टँकमधली हवा तोंडात देणारा भाग) तोंडात असताना नको. लघवी वाढवणारी गोळी असेल, तर अंगातलं पाणी कमी होतं आणि डाइव्हिंगला ते मारक. एक सांगून ठेवते. नाक चोंदलं म्हणून ह्यूस्टनच्या औषध दुकानातून स्यूडोएफेड्रिन उचलू नका. ते रक्तदाब वाढवतं, आणि खाली असतानाच त्याचा असर उतरला तर वर येताना कान-कपाळातली हवा अडकून बसते. सर्दी असेल तर डाइव्ह रद्द, मग पैसे बुडाले तरी चालतील.

यात विम्याचाही मुद्दा आहे. साध्या प्रवासविम्यात स्कूबा धरलेलं असतंच असं नाही, असलं तर खोलीची आणि प्रमाणपत्राची अट असते. डाइव्हिंगच्या अपघाताचा वेगळा विमा मिळतो तो घ्या. बेटावर डीकम्प्रेशनवर (वर येताना अंगात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याच्या त्रासावर) उपचार करणारे चेंबर, म्हणजे जास्त दाबाच्या खोल्या, आहेत ही जमेची बाजू, पण फॉर्मवर खोटं लिहिलेलं निघालं तर ते बिल कोण भरणार यावर वाद होईल आणि तो तुम्ही हराल.

आता तुमच्याविषयी, कारण सगळं पत्र मिस्टरांवर आहे आणि स्वतःबद्दल एकच वाक्य: "मला पाण्यात गेल्यावर आठवेल सगळं." आठवेल का? मास्कमध्ये पाणी शिरलं तर काढता येईल? जॅकेटची कुठली कळ हवा भरते आणि कुठली सोडते, डोळे मिटून सांगाल? आठ डाइव्ह आणि मधे इतकी वर्षं, म्हणजे कागदावर तुम्ही डाइव्हर आणि पाण्यात जवळजवळ नवख्या. कार्ड कायमचं असतं, सवय नाही. त्यामुळे 'मी अनुभवी, तो अननुभवी' अशी जी मांडणी तुम्ही केली आहे ती पुरती खरी नाही. थोडी भीती तुमचीही आहे, ती मिस्टरांच्या नावावर पत्रात आली आहे, असं मला वाटलं. रागावू नका. पण हे कबूल केलंत तर घरातलं भांडण निम्मं उरेल.

त्यामुळे मला सगळ्यात आवडलेला मार्ग असा. आठ आठवडे हातात आहेत. मिस्टरांनी कोर्सच करावा. डॉक्टरांची सही झाली की थिअरी घरी ऑनलाइन, पूलमधले धडे ह्यूस्टनमध्येच दोन शनिवार-रविवारी आणि समुद्रातल्या चार डाइव्ह कोझुमेलला. याला रेफरल म्हणतात; पूलमधलं शिक्षण पुरं झाल्याचा कागद तुमचा प्रशिक्षक देतो, तिकडचा प्रशिक्षक उरलेलं पुरं करतो. पोहण्याची परीक्षा असते: न थांबता २०० मीटर, किंवा मास्क-फिन्स-स्नॉर्कल लावून ३०० मीटर, आणि दहा मिनिटं तरंगणं. अपार्टमेंटच्या पूलमध्ये आजच मोजून पाहायला सांगा. ह्यूस्टनच्या त्याच पूलमध्ये तुम्ही उजळणीचं सत्र घ्या, एका संध्याकाळचं काम आहे.

मग पाच दिवस असे बसतात. पहिला दिवस पोहोचण्यात. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी मिस्टरांच्या चार डाइव्ह. त्या वेळात तुम्ही प्रशिक्षकाबरोबर उथळ जागी एक-दोन करा. चौथ्या दिवशी सकाळी दोन टँकची बोट, दोघं एकत्र, १८ मीटरच्या मर्यादेत. पाचव्या दिवशी विमान. तुम्हाला हवं होतं ते 'मिळून' इथे खरोखर होतं.

कोर्स नको म्हणाले तर दुसरा मार्ग. तुम्ही उजळणी करून बोटीने जा, त्यांनी किनाऱ्यावरून प्रशिक्षकाबरोबरची तोंडओळखीची डाइव्ह करावी. ती मालवणच्या धर्तीची, पण आधी उथळ पाण्यात मास्क आणि रेग्युलेटरचा सराव करून घेतात आणि कमाल खोली १२ मीटर. एका प्रशिक्षकामागे चार जणांपर्यंत चालतात. तुम्ही दोनच मागा, थोडे जास्त पैसे लागले तरी. हॉटेलांच्या पट्ट्यात आणि चान्काना‍बच्या बाजूला किनाऱ्यावरून उतरता येतं. मेडिकल फॉर्म याही डाइव्हला भरावाच लागतो, तिथून सुटका नाही.

आणि डॉक्टर नाही म्हणाले, तर नाही. एल सिएलोला कमरेएवढ्या पाण्यात पांढऱ्या वाळूवर तारामासे बघत स्नॉर्कलिंग होतं, तिथे दोघं जा. तारामासे पाण्याबाहेर काढून फोटो काढायचे नाहीत एवढं पाळा.

विमानाचा हिशेब मात्र कुठल्याही मार्गात सांभाळावा लागेल. दुपारच्या बोटीवरून तुम्ही पाण्याबाहेर याल साडेचारच्या सुमारास. एकापेक्षा जास्त डाइव्ह झाल्या असतील तर विमानाआधी किमान १८ तास जाऊ द्यायचे असतात, म्हणजे सकाळचे साडेदहा. तुमचं विमान साडेआठचं. विमानातला कमी दाब रक्तात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे करू शकतो, म्हणून हा नियम. सकाळच्या बोटीवर साडेबारापर्यंत बाहेर आलात, तर दुसऱ्या दिवशी साडेसहालाच १८ तास होतात आणि तेच विमान चालतं.

डाइव्ह शेवटच्या दिवसावर ढकलू नका, याला आणखी एक कारण आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून थंड वारे येतात, त्यांना तिकडे नॉर्टे म्हणतात. ते सुटले की बंदराचा अधिकारी लहान बोटींना समुद्र बंद करतो, कधी एक दिवस, कधी दोन. अशा वेळी चौथ्या दिवसाची बोट पाचव्यावर सरकवण्याचा मोह टाळा, त्या दिवशी विमान आहे.

पैसे भरण्याआधी दुकानाला काय विचारायचं? एका गाइडमागे किती जण? नवख्यांना वेगळा गट मिळेल का? ज्याची हवा आधी संपेल त्याच्याबरोबर वर कोण येतं, की सगळा गट वर येतो? बोटीवर ऑक्सिजन आहे का? भाड्यात प्रत्येकाला डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारं यंत्र) मिळतो का? आणि जागा कुठल्या? पहिलीला पालांकार गार्डन्स, दुसरीला पॅराडाइज किंवा युकाब असं उत्तर आलं तर उत्तम. सान्ता रोसा, बाराकुडा, पुन्ता सुर ही नावं आली तर नम्रपणे नकार द्या. पुन्ता सुरचा 'सैतानाचा घसा' म्हणून ओळखला जाणारा बोगदा तर खोलवर, तिशीच्या पुढे बाहेर पडतो; तो तुमच्या कार्डाच्या मर्यादेत बसतच नाही.

बोटीवर साहित्य मिळालं की गेजकडे बघत रेग्युलेटरमधून तीन-चार मोठे श्वास घ्या. काटा हलत असेल तर टँकची चावी पुरती उघडलेली नाही. हवेला तेलाचा वास आला तर टँक बदलून मागा. जॅकेट फुगवून बघा, कळ अडकून हवा आपोआप भरत राहत नाही ना. खाली जाण्यासाठी अंगावर लावायच्या वजनाचा अंदाज पाण्यात घ्या: जॅकेट रिकामं, नेहमीचा श्वास धरून ठेवला तर पाणी डोळ्यांच्या रेषेशी यावं, श्वास सोडला की हळू बुडावं. ही चाचणी भरल्या टँकवर केली तर दोन किलो वाढवा, कारण हवा संपत आली की टँक तेवढा हलका होतो आणि वर येताना घ्यायचा शेवटचा, पाच मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबा तरंगत निसटतो. नवखे नेमके तिथेच वर फेकले जातात.

उतरताना कान दर अर्ध्या-एक मीटरला मोकळे करा, दुखायला लागायच्या आधी. दुखलं तर जोर लावू नका, मीटरभर वर या आणि पुन्हा करा. दीड हजार पीएसआयला गाइडला खूण करा, त्याने विचारायची वाट बघू नका. रीफ संरक्षित राष्ट्रीय उद्यानात आहे. हातमोजे, सुरी आणि सनस्क्रीन तिन्हींना बंदी, म्हणून पूर्ण बाह्यांचा अंगरखा न्या. डाइव्हमास्टरला टँकमागे माणशी पाच ते दहा डॉलर टिप देण्याची पद्धत आहे.

दुसऱ्या डाइव्हला, विशेषतः पॅराडाइजवर, गाइडला टोडफिश दाखवायला सांगा. करड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, पिवळ्या कडांच्या परांचा, दाढीवाला मासा, कपारीत पोट टेकून बसलेला असतो. कोझुमेलची ओळखच तो. बघायला वाळूजवळ, कपारीच्या उंचीवर स्थिर थांबावं लागतं. वर-खाली होणाऱ्याला तो दिसत नाही.

मिस्टरांशी बोलताना 'तू खोटं लिहू नकोस'पासून सुरुवात करू नका. "मलाही सगळं विसरायला झालंय, आपण दोघंही पूलला जाऊ या," असं म्हणा, ते खरंही आहे. फॉर्म दोन प्रतींत छापून डॉक्टरांची वेळ याच आठवड्यात घ्या. डिसेंबरात सगळ्यांनाच वेळ हवी असते.

ता. क. पत्रात मिस्टरांच्या मिशीचा उल्लेख आहे, म्हणून. मिशी असली की मास्क नाकाखाली गळतो. नाकाच्या लगतची ओळ तेवढी बारीक कापायची, किंवा सिलिकॉन ग्रीस लावायचं. व्हॅसलिन नको, रबरी भाग त्याने खराब होतात.